दोन आटे ठेव, मन्या

दत्ता गेला त्या सकाळी मी गाडीखाली होतो. गाडीखाली झोपलेल्या माणसाला जग फक्त घोट्यापर्यंत दिसतं. आमच्या वाडीतले सगळे पाय मी ओळखतो, त्यातले निम्मे मला लाथ मारायला टपलेले असतात म्हणून ओळखून ठेवलेत. तर दहाच्या सुमाराला मला सुमनवहिनीचे पाय दिसले. अनवाणी, आणि धावत. सुमनवहिनी म्हंजे दत्ताची बायको, पन्नाशी ओलांडलेली बाई. तिला धावताना मी कधीच बघितलं नव्हतं. पाय माझ्या डोक्याजवळ येऊन थांबले आणि वरून आवाज आला, "भावोजी, गाडी काढा. ह्यांच्या छातीत दुखतंय. घामानं ओले झालेत." मी खालूनच बोललो, "काढतो, काढतो, हा निघालोच…" आणि असं बोलून झाल्यावर मला आठवलं की गाडीला पुढची दोन्ही चाकं नायत. गाडी सहा दिवस दगडी चिऱ्यांवर उभी होती. वाडीत चारचाकी एकच, ती माझी, आणि ती चिऱ्यांवर का उभी होती ते सांगायला मी आज बसलोय. शाळेतल्या बाई लिहून घेतायत. मी चौथी शिकलो, तीही दोनदा, त्यामुळे चुका झाल्या तर त्या बोलणाऱ्याच्या, लिहिणाऱ्या बाईंच्या नायत.

दत्ता माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आमच्या दोघांच्या घरांच्या मधे जांभ्या दगडाचा गडगा आहे, कमरेएवढा. त्या गडग्यावर बसून आम्ही लहानपणी कैऱ्या खाल्ल्या, मोठेपणी तंबाखू खाल्ली आणि म्हातारपणी डॉक्टरनं दोघांनाही दोन्ही बंद केल्यावर नुसते बसलो. दत्ता शाळेत हुशार. मास्तर त्याला फळ्याजवळ उभा करायचे उत्तर लिहायला आणि मला दाराजवळ, ते का ते सांगायला नको. पुढं तो लोट्याला केमिकल कंपनीत फिटर म्हणून लागला. आठवडाभर तिकडं खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. मी मुंबईत जाऊन आठ महिने एका शेठची गाडी चालवली, ती दोनदा एकाच खांबावर घातली आणि परत आलो. शेठ बोलला, खांब नवीन असता तर समजून घेतलं असतं. मग इकडं जुनी नऊ सीटची डिझेल गाडी घेतली, सकाळी माणसं देवरूखला न्यायची, दुपारी आणायची. गाडी आली तेव्हाच म्हातारी होती. तिला चालती ठेवली ती दत्तानं. मी नुसता तिच्यात बसायचो आणि हॉर्न वाजवायचो.

बॉल जॉइंट म्हंजे काय ते पहिल्यांदा त्यानंच मला समजावलं. मी सांगत होतो की पुढून खटखट वाजतंय, म्हंजे बहुतेक कुणीतरी करणी केलीय. तो हसला नाय. माझा दंड धरून गोल फिरवला आणि बोलला, "हा तुझा खांदा. वाटीत गोळा बसलाय म्हणून हात सगळीकडं फिरतो. चाकाला पण असाच खांदा असतो, वर एक, खाली एक. वाटी झिजली की गोळा आत खुळखुळतो. तेच वाजतंय." मी विचारलं, "आणि नाय बदलला तर?" तो बोलला, "तर एक दिवस घाटात चाक तुला सोडून पुढं जाईल. तू हॉर्न वाजव मग." त्या दिवशी त्यानं माझ्याच अंगणात, लोट्याहून आणलेली चार हत्यारं पसरून, दोन्ही बाजूचे जॉइंट बदलले. सकाळी आठला बसला तो दिवेलागणीला उठला. मी बॅटरी धरली होती. ती सुद्धा मला धड धरता आली नाय. "मेल्या, उजेड नटावर मार, माझ्या तोंडावर काय मारतोस? मी काय बोहल्यावर उभा आहे काय?" हे तो दर वेळी बोलायचा आणि दर वेळी मला हसू यायचं, मग बॅटरी आणखीनच हलायची.

त्याचं एक स्वतःचं हत्यार होतं. गाडीच्या मोडलेल्या स्प्रिंगच्या पाट्याचा हातभर तुकडा घेऊन, एका टोकाला मधोमध चीर पाडून त्यानं दुबेळकं केलं होतं आणि दोन्ही टोकं पाचरीसारखी निमुळती घासली होती. त्याला तो चिमटा म्हणायचा. जॉइंटचा दांडा वर्षानुवर्षं भोकात रुतून बसलेला असतो, तो नुसता ओढून येत नाय. चिमटा मधे घालायचा आणि वरून हातोडा. पण त्याआधी एक गोष्ट तो शंभरदा सांगायचा. नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाय. शेवटचे दोन आटे, म्हंजे दोन वेढे, ठेवायचे. म्हंजे दांडा सुटला तरी नटावर अडकतो, चाकाला धरणारा आर्म अंगावर येत नाय, आणि हातोडा चुकून दांड्यावर बसला तरी आटे शाबूत राहतात. "दोन आटे ठेव, मन्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या बायकोनं मला कधी एवढ्यांदा जेवायला हाक मारली नसेल.

आणि शेवटी स्प्लिट पिन. नट फिरून सुटू नये म्हणून त्यात घालायची ती पिन. एकदा तो लोट्याला असताना मी आपली आपण एक बाजू खोलून पाहिली, तर बसवताना पिन मोडली. दुकान कोण गाठणार! मी बायकोच्या केसातला आकडा घेतला, वाकवला आणि घातला. दोन महिने फिरलो. पुढच्या खेपेला दत्तानं चाक काढलं आणि खाली वाकला. मग तो आकडा सोडवला, फडक्यानं पुसला आणि उठून आमच्या घरात गेला. माझी बायको चुलीशी होती. तिला बोलला, "घे गो सुनंदा, तुझा आकडा. ह्याच्यावर नऊ माणसं फिरत होती." बस. मला एक शब्द नाय. ही गोष्ट मी पुढं वाडीभर सांगून हशा मिळवला, अजून मिळवतो. दत्ता मात्र ती ऐकून कधी हसला नाय.

तो हसत का नव्हता ते मला माहीत होतं, तेवढा मी बावळट नाय. कंपनीत त्याच्या पाळीला एका माणसानं पाइपाचा एक बोल्ट आवळायचा ठेवला होता. राहिलेला उद्या करू म्हणून. रात्रपाळीच्या माणसांनी वाफ सोडली. त्याच्यापुढचं दत्तानं मला कधी सांगितलं नाय, एवढंच बोलला की रात्रपाळीतल्या एकाला आम्ही फडक्यात… आणि तिथंच थांबला. त्या दिवसापासून काम अर्धं टाकून तो कधी उठला नाय. जेवण राहिलं, लग्न राहिलं, एकदा तर सख्ख्या मेव्हण्याची हळद राहिली. म्हणून त्याला वेळ लागायचा. एक नट बसवायचा, चष्मा नाकावर सरकवायचा, हात लावून बघायचा, परत बघायचा.

निवृत्त होऊन तो कायमचा घरी आला त्याला चार वर्षं झाली. गेल्या वर्षापासून मला आणखी एक दिसायला लागलं. बॅटरी मीच धरायचो ना, मला दिसणारच. त्याचा उजवा हात कापायचा. पाना नटावर बसवताना तो तीनतीनदा घसरायचा, टकटक वाजायचा. मी एकदा बोललो, "दत्ता, थंडी वाजते काय रे?" त्यानं पाना खाली ठेवला. "डॉक्टर बोलला, वाढत जाणार. गोळ्या दिल्यात. सुमनला ठाऊक आहे आणि आता तुला. आणखी कुणाला सांगू नको." मी बोललो, "कुणाला सांगणार? माझं ऐकतो कोण?" हे मात्र खोटं होतं. माझं सगळा गाव ऐकतो. शिमग्याच्या नमनात बतावणीचं सोंग माझं असतं.

बाहेरच्या माणसांसाठी सांगतो. आमच्याकडे शिमग्याला देवळात नमन होतं, त्यात गण-गवळण झाली की मधे दोन बावळट माणसं येऊन गावाची टिंगल करतात, ती बतावणी. तीस वर्षं त्यातला एक बावळट मी. आणि तीस वर्षं मी टिंगल केली ती स्वतःची. खांबाची गोष्ट, आकड्याची गोष्ट, दोनदा केलेली चौथी. लोक पोट धरून हसतात आणि कुणाला लागत नाय. यंदा मात्र माझ्याकडं नवीन काही नव्हतं. जुन्या गोष्टींना पोरं आधीच ओरडायला लागली, "म्हाईत आहे, म्हाईत आहे!" आणि मग मी काय केलं… समोर कुणाचा तरी चष्मा होता तो घेतला, नाकाच्या शेंड्यावर लावला. कंबर वाकवली. साथीदाराच्या डोक्याला पाना लावल्यासारखं केलं आणि हात कापवला. टकटकटकटक. लोकांना क्षणभर कळलं नाय, मग कळलं. देऊळ नुसतं उसळलं. तेवढ्यावर थांबायचं ना? हसणं आलं की मी थांबत नाय, तो माझा रोगच. मी पाना झटकला, चष्मा सरकवला आणि दत्ताच्या आवाजात बोललो, "उद्या बघूऽऽ!" त्याच्यावर तर शिट्ट्या पडल्या. पुढं तासभर मी काहीही बोललो की मागून पोरं ओरडत होती, उद्या बघू, उद्या बघू!

दत्ता पुढच्याच रांगेत होता. त्याचा मुलगा मुंबईहून आला होता, बरोबर नवी सून आणि तिचे आईवडील. व्याह्यांना शिमगा दाखवायला आणलं होतं. व्याही पण हसत होते. ते कुणाला हसतायत ते त्यांना ठाऊक नसावं, पण सुनेला कळलं असणार, कारण ती हसली नाय. ती सासऱ्याच्या हाताकडं बघत होती. दत्तानं तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला होता…

शिमग्याच्या आधीच त्यानं माझी गाडी हलवून सांगितलं होतं, "उजवीकडचा गेलाय. आधी बदल, मग माणसं भर." नवीन जॉइंट मी रत्नागिरीहून आणून ठेवले होते. नमनानंतरच्या शनिवारी काम करायचं ठरलेलं. शनिवारी तो आला नाय. मी पण हाक मारली नाय. गडगा ओलांडून जाऊन "चुकलो रे" एवढं बोलायला काय लागतं? दहा पावलं. मी तेव्हा असा विचार केला की ह्याच्यावाचून काय अडतंय, इतकी वर्षं बॅटरी धरून मला सगळं येतं. दत्ता गाडी टेकवायला लाकडाचे ओंडके आणायचा. चिरा तो कधी वापरू द्यायचा नाय, बोलायचा चिऱ्याचा कपचा उडतो आणि मग माणूस खाली. मी चार चिरे ओढून आणले. जॅक लावला, दोन्ही चाकं एकदम काढून टाकली, म्हंजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की मन्याचं काम जोरात चाललंय.

रविवारी तो गडग्यापाशी आला. मी गाडीखालून त्याचे पाय बघितले नायत कारण मधे गडगा, पण खणकन आवाज आला. डोकं बाहेर काढून बघितलं तर त्यानं चिमटा गडग्यावर ठेवला होता, धरायची बाजू माझ्याकडं करून. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. बोलला, "नट पूर्ण काढू नको. दोन आटे ठेव, मन्या."

आणि मी गाडीखालून, त्याच्याच आवाजात बोललो, "उद्या बघूऽऽ!"

मला वाटलं हसेल. खरं सांगतो, मला तेव्हा वाटलं की हसला की मिटलं. तो वळला आणि घरात गेला. माझं त्याच्याशी हे शेवटचं बोलणं. पन्नास वर्षांत मी त्याच्याशी काय काय बोललो असेन, त्यातलं शेवटचं हे.

चिमट्याला मी हात लावला नाय. नट पूर्ण काढला, अगदी हट्टानं, आणि दांड्याच्या टोकावर सरळ हातोडा घातला. दहा-बारा घाव. दांडा हलला नाय, टोक तेवढं फुलारून अळंबीसारखं झालं. आता ते भोकातून वर येईना, खाली जाईना आणि नट त्याच्यावर परत चढेना. मग मी लोखंड कापायची हेक्सॉ करवत घेतली आणि दांडा कापायला बसलो. आडवं पडून, डोळ्यांत लोखंडाचा चुरा घेत. सोमवार, मंगळवार, बुधवार. पाती मोडली. गिऱ्हाइकं चालत देवरूखला गेली आणि जाताना विचारायची, "काय मन्या, कधी?" तर त्यांना पण मी तेच उत्तर द्यायचो. गंमत म्हणून. दत्ता पलीकडं पडवीत बसलेला असायचा. त्याला ते ऐकायला जात असणार, गडगा कमरेएवढाच आहे.

गुरुवारी वहिनीचे पाय आले.

मी चाक घेऊन धावलो, ते बसेना. दांडा अर्धा कापलेला, नट बसत नाय, हाताला घाम. मी तरी नट त्या अळंबीवर दाबत होतो, जसा काय जोर लावला तर लोखंड ऐकेल. वहिनी शेजारी उभी होती. तिनं मला शिवी दिली असती तर… ती फक्त बोलली, "राहू दे भावोजी. दुसरं काय मिळतं बघा." अँब्युलन्स लांबच्या गावी गेली होती. फोन करकरून पलीकडच्या वाडीतून मासळीवाल्याचा टेम्पो आला, त्याला अर्ध्या तासाच्या वर गेला. तेवढा वेळ दत्ता पडवीत खांबाला टेकून बसला होता आणि तिथून त्याला माझी गाडी सरळ दिसत होती. चिऱ्यांवर चढवलेली, लग्नात पाटावर बसवल्यासारखी.

टेम्पोत बर्फाच्या पेट्यांवर चादर टाकली आणि त्याला आडवा केला. मी डोकं मांडीवर घेतलं. मला बोलायचं होतं. तीस वर्षं देवळात न थांबता बोलणारा माणूस मी, नऊ किलोमीटर माझ्या तोंडातून शब्द आला नाय. त्याचा उजवा हात माझ्या हातात होता. कापत नव्हता. मीच कापत होतो, इतका की वहिनीनं माझा खांदा धरला. देवरूखला पोचलो तेव्हा डॉक्टरनी बघितलं आणि मान हलवली. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, अर्धा तास आधी आणला असता तर? डॉक्टर माझ्याकडं बघत बोलले, "सांगता येत नाही हो." हो बोलले असते तर मी काहीतरी केलं असतं, नाय बोलले असते तर झोपलो असतो. सांगता येत नाही… ह्याचं माणसानं काय करायचं?

तेराव्याला सगळा गाव जेवला. मी वाढायला होतो. पंगतीत एकजण मला हळूच बोलला, "मन्या, यंदाचं सोंग मात्र भारी झालं हो. बिचारा दत्ता." मी त्याला भात वाढला. आणखी काय करणार, ते त्याला मीच शिकवलं होतं. सगळे गेल्यावर वहिनीपाशी गेलो. बोललो, "वहिनी, नमनाचं त्यानं मनाला लावून घेतलं काय? काय बोलला?" वहिनी भांडी पुसत होती. बोलली, "तुमच्याबद्दल काय नाही बोलले. घरी आले, हातपाय धुतले, आणि मला विचारलं, खरंच एवढा कापतो काय गो माझा हात? मग दुसऱ्या दिवशी सकाळी पेला काठोकाठ भरून हातात धरून बसले. सांडतं काय बघायला." मी विचारलं, "सांडलं?" वहिनी बोलली, "चहा घेणार काय भावोजी?"

महिना झाल्यावर मी गाडीला परत हात घातला, कारण पोट आहे. अर्धा राहिलेला दांडा कापून काढला. डावी बाजू अजून जुनीच होती. गडग्यावर चिमटा तसाच पडला होता, जरा तांबूस झालेला, धरायची बाजू माझ्याकडं. मी तिचा नट सैल केला. दोन आटे ठेवले. चिमटा घातला आणि हातोडा मारला. दुसऱ्या घावाला दांडा खटकन सुटला आणि नटावर अडकून राहिला. दोन घाव. सहा दिवस मी जे करत होतो ते दोन घावांचं काम होतं. नवीन जॉइंट बसवले, दुकानातल्या नव्या पिना घातल्या, ओंडके वहिनीकडून मागून आणले होते ते परत दिले. चिमटा पुसला, तेल लावलं आणि गडग्यावर होता तसाच ठेवला. घरात न्यायचा मला अधिकार नाय.

गाडी आता वाजत नाय. पूर्वी वाडीच्या वळणावर ती खटखटली की दत्ता गडग्यापाशी येऊन उभा राहायचा, आणि मी इंजिन बंद करायच्या आत सांगायचा कुठली बाजू बोलतेय. परवा त्या वळणावर मी मुद्दाम चाक खड्ड्यात घातलं. मागची माणसं ओरडली. पुढून आवाज आला नाय. काम चांगलं झालंय, आणि गडग्यापाशी कुणी नव्हतं.

गावातली पोरं अजून मला बघून ओरडतात, "मन्याकाका, दत्ताकाकाचं करून दाखव ना!" ती लहान आहेत, त्यांना पुढं दत्ता ठाऊक असेल तो एवढाच. चष्मा, कापणारा हात आणि उद्या बघू. मी कुणाकुणाला सांगू की तो असं कधीच बोलला नाय. आयुष्यात एकदाही नाय. त्यानं काही उद्यावर टाकलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं, मी त्याच्या तोंडात घातलं, आणि ते तिथून आता निघत नाय. ना वर येतं, ना खाली जातं.